आबांची शिकार आणि आमचे दुकान : आमची वाटचाल

कोल्हापुरातील आमचे बंदूक दुरुस्तीचे दुकान आज तिसऱ्या पिढीच्या हातात आहे. पाटीवर वडिलांचे नाव असले, तरी या दुकानात काम करण्याची जी रीत आहे ती माझ्या आजोबांच्या, म्हणजे आबांच्या, शिकारीच्या वेडातून आलेली आहे. मी स्वतः कधीही जनावरावर बार टाकलेला नाही. तरीही शिकारीची ओढ मला लहानपणी लागली आणि ती आजवर सुटलेली नाही, हे मी मनापासून सांगतो.

कोल्हापूरच्या छत्रपतींचे राखीव शिकारीचे जंगल असलेले दाजीपूर १९५८ साली गव्यांसाठी अभयारण्य झाले. संस्थानाच्या काळात कोल्हापुरात चित्ते पाळून त्यांच्याकडून काळविटांची शिकार करवली जाई, आणि चित्तेवानांच्या तोंडून ऐकलेल्या त्या हकिकती आबा आम्हाला रात्री जेवणानंतर सांगत. त्यांची स्वतःची शिकार मात्र साध्या माणसाची होती : रीतसर परवाना, एक दुनळी बंदूक आणि ससा, तितर, कधी शेतात उतरलेले रानडुक्कर. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर त्यांनी ते सारे थांबवले. माझा जन्म त्यानंतरचा, त्यामुळे मला शिकवायला त्यांच्या हाती बंदूक नव्हती, केवळ रान होते.

सुट्टीच्या दिवशी ते मला पहाटे डोंगरावर नेत आणि पाणवठ्याच्या वर एखाद्या खडकाआड बसवत. बसण्यापूर्वी चिमूटभर कोरडी माती बोटांतून सोडून वारा कोणत्या अंगाचा आहे ते पाहायचे, कारण डुकराची नजर कमजोर असली तरी नाक तिखट असते आणि वारा आपल्याकडून त्याच्याकडे वाहत असेल तर दिवसभर बसून काही उपयोग नाही. ओल्या मातीतल्या खुराच्या ठशाची कड अजून तुटक आहे की वाऱ्याने गोल झाली आहे, यावरून जनावर केव्हा गेले हे ते मला ओळखायला लावत. ‘‘बार काय, कुणालाबी टाकता येतोय बाळा,’’ असे ते म्हणत, ‘‘न टाकता बसायला शीक.’’ जखमी जनावर रानात सोडून घरी आलेल्या शिकाऱ्याच्या हातचे पाणीही ते पीत नसत.

याच काटेकोरपणाने त्यांनी दुकान चालवले. ठासणीच्या बंदुकीतली काळी दारू जळाल्यावर नळीत जी काजळी उरते ती हवेतला ओलावा ओढून घेते आणि लोखंडाला गंज चढवते. म्हणून बार झाला त्याच दिवशी नळी गरम पाण्याने धुऊन, कोरडी करून तेलाचा बोळा फिरवायचा, हा त्यांचा नियम होता. हे न करणाऱ्या गिऱ्हाइकाला ते चार माणसांत बोलत. बारा बोअर म्हणजे एक पौंड शिशाचे बारा सारखे गोळे केले, तर त्यातल्या एका गोळ्याच्या मापाची नळी, हे त्यांनी मला शिसे वितळवून करून दाखवले होते.

शिकार बंद झाल्यावर दुकानाचा निम्मा धंदा गेला. वडिलांनी पीक संरक्षणाच्या परवान्यावरील बंदुकांच्या दुरुस्तीवर घर चालवले. शस्त्र कायद्यानुसार दुरुस्तीलाही परवाना लागतो, आणि आलेल्या प्रत्येक हत्याराची नोंद वहीत व्हावी लागते. त्या वह्या वडिलांनी इतक्या नेटक्या ठेवल्या आहेत की आजही मी नव्या कारागिराला आधी त्याच दाखवतो.

माझ्या हाती दुकान आले तेव्हा शहरात नेमबाजीचे वारे वाहत होते. तेजस्विनी सावंत यांनी २०१० साली म्युनिकला विश्वविजेतेपद मिळवल्यावर एअर रायफल घेऊन येणारी मुले वाढली, आणि मी त्या रायफलींची देखभाल शिकून घेतली. दहा मीटरवरच्या लक्ष्यातील दहाचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर असतो, त्यामुळे इथे चूक लपत नाही. एका पावसाळ्यात माझ्याकडून ती झालीच. लाकडी दस्त्याची एक रायफल मी घाईने जुळवून दिली आणि जिल्हा स्पर्धेत त्या मुलीच्या गोळ्या एकाच बाजूला सरकत गेल्या. तिने आठवडाभर स्वतःलाच दोष दिला. मी रायफल उघडली तेव्हा दमट हवेने दस्ता फुगलेला आणि दोन स्क्रू कमीअधिक आवळलेले आढळले. पावसाळ्यात लाकूड बसू द्यावे, जवसाचे तेल मुरू द्यावे आणि मगच आवळावे, हे आबा मला शंभरदा सांगून गेले होते. मी तिच्या घरी जाऊन चूक कबूल केली. तेव्हापासून लाकडी दस्त्याची कोणतीही रायफल आठ दिवस दुकानात ठेवल्याशिवाय आणि पुन्हा तपासल्याशिवाय आम्ही देत नाही, मग गिऱ्हाईक कितीही घाई करो.

१ ऑगस्ट २०२४ रोजी राधानगरी तालुक्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी पॅरिस ऑलिंपिकमध्ये नेमबाजीत कांस्यपदक मिळवले, त्या दुपारी आम्ही सगळे कारागीर काम थांबवून टीव्हीसमोर बसलो होतो. प्रत्येक गोळीआधीची त्यांची स्थिरता पाहताना मला पाणवठ्यावरचा तो खडक आठवत होता.

आबांची दुनळी वारसा परवान्यावर आता माझ्याकडे आहे. खंडेनवमीला तिची पूजा होते. आदल्या रात्री मी ती खोलून नळ्या मोकळ्या करतो, तेलाचा बोळा फिरवतो आणि उजेडाकडे धरून आतून पाहतो. यंदा माझी धाकटी मुलगी शेजारी बसून बोळ्याला तेल लावून देत होती.