क्लॅरोनेटचं माउथपीस घरी घासलं: माझा अनुभव

माउथपीस, म्हणजे क्लॅरोनेटचं तोंडात धरायचं टोक, घासून नीट करायचं खरं काम दोन रविवारचं. मला सव्वादोन महिने लागले, आणि त्यातले सदतीस दिवस एका काचेच्या पट्टीची वाट बघण्यात गेले. त्याचा राग अजून गेलेला नाही. पण त्या सदतीस दिवसांत धीर न धरल्यामुळे मी जे करून बसलो, ते दुसऱ्या कुणाच्या हातून होऊ नये म्हणून लिहायला बसलोय.

मी सांगलीत बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवतो. माझं माउथपीस काकांचं, एबोनाइटचं, म्हणजे गंधक घालून कडक केलेल्या रबराचं. त्यावर कुठलाही शिक्का नाही, पण आवाज गोड आणि भरलेला. मागच्या लग्नसराईत ते रुसलं. खालचे सूर फुसफुसायचे, वरचे फुटायचे, चांगल्या रीड, म्हणजे माउथपीसवर बांधायच्या वेताच्या पातळ पट्ट्या, आठवड्यात टाकाव्या लागायच्या. रीड जिथे टेकते तो सपाट भाग, म्हणजे टेबल, काचेवर ठेवून बोटाने दाबला तर माउथपीस चक्क डुगडुगत होतं. घरात कुणीतरी ते कढत पाण्याने धुतलं होतं. एबोनाइटला कढत पाणी आणि ऊन दोन्ही चालत नाहीत. रंग हिरवट-तपकिरी पडतो आणि आकार हलतो. धुवायचं ते गार किंवा अगदी कोमट पाण्याने.

नवीन घे, असं सगळे म्हणाले. मला काकांचंच हवं होतं. आषाढात कामं नसतात, गणपतीपर्यंत वेळ होता.

घासायचं सामान सगळं गावातच मिळालं. काचवाल्याकडून दहा मिलिमीटर जाडीचा काचेचा तुकडा, कडा मारून. गाड्यांच्या रंगकामाच्या दुकानातून वॉटर पेपर ४००, ६००, १००० आणि १५०० नंबरचा. गॅरेजवाले टॅपेट सेट करायला वापरतात ते फट मोजायचं फिलर गेज, ०.०५ पासून १.०० मिलिमीटरपर्यंतच्या वीस पात्यांचं. आणि सोनारकामाच्या बारीक कानशी, एक चपटी, एक अर्धगोल.

टेबल सपाट करणं सोपं निघालं. टेबलावर पेन्सिलीने आडव्या-उभ्या रेघा मारायच्या, पेपर पाण्याने ओला करून काचेवर चिकटवायचा आणि टोक अधांतरी राहील अशा बेताने माउथपीस हलक्या हाताने ओढायचं. जिथे रेघ पुसली तो उंचवटा, जिथे राहिली तो खड्डा. सगळ्या रेघा एकदम पुसल्या की थांबायचं. मास्क लावा, आणि कोरडं कधीच घासू नका. गंधकाचा वास नाकात बसतो आणि धूळ वाईट. माझं अर्ध्या तासात झालं.

एवढं मात्र ध्यानात ठेवा: टेबल घासलं की टोकाची फट, म्हणजे टोक आणि रीडमधलं अंतर, कमी होते आणि उतार आखूड होतो. उतार, म्हणजे फेसिंग, जिथून टेबल सोडून माउथपीस रीडपासून हळूहळू दूर व्हायला लागतं तिथून टोकापर्यंत. क्लॅरोनेटला टोकाची फट साधारण एक ते सव्वा मिलिमीटर आणि फेसिंग पंधरा ते वीस मिलिमीटर असतं. माझी फट टेबल घासल्यावर जेमतेम ०.९५ राहिली. इतक्या बंद माउथपीसमध्ये फुंक अडते. म्हणजे आता फेसिंग घासून फट परत उघडणं आलं, आणि त्याला मोजमाप लागतं.

मोजायची नेहमीची पद्धत अशी. जाड सपाट काचेवर अर्ध्या-अर्ध्या मिलिमीटरच्या रेघा असतात. ती टेबलावर ठेवायची, रेघा माउथपीसच्या बाजूला, आणि टोकाकडून फिलरची पात काच आणि माउथपीसमध्ये सरकवायची. पात जिथे अडते ती रेघ वाचायची. ३४ आलं तर सतरा मिलिमीटर. सगळ्यात पातळ पातीने फेसिंग कुठे सुरू होतं ते कळतं, जाड पात्यांनी वळण कळतं. तिकडचे कारागीर पातळ पात ०.००१५ इंचाची घेतात, म्हणजे साधारण ०.०४ मिलिमीटर, आपल्या गॅरेजच्या गेजमधली ०.०५ ची भागते. पात ढकलायची नाही, तिच्या वजनाने जाईल तेवढीच जाऊ द्यायची. आणि ती डाव्या आणि उजव्या, दोन्ही कडांवर एकाच रेघेवर अडायला हवी.

ही रेघांची काच मी परदेशातून मागवली. तळहाताएवढी वस्तू. देशात येईपर्यंत नऊ दिवस, आणि मग कस्टममध्ये जी बसली ती बसलीच. ट्रॅकिंगवर रोज तीच ओळ. दहाव्या दिवशी केवायसी मागितलं, दिलं. सोळाव्या दिवशी बिल मागितलं, जे पाकिटावर चिकटवलेलं होतं. तरी परत पाठवलं. मग विचारलं, वस्तूचा उपयोग काय. ऑनलाइन अर्जात उपयोग निवडायचा रकाना होता, त्यात वाद्यदुरुस्ती नव्हतीच. मी ‘मोजमापाचे साधन’ निवडलं, तर त्यावर आणखी प्रश्न. फोन उचलणारा दर वेळी नवा माणूस, आणि दर वेळी मी पहिल्यापासून सांगतोय की क्लॅरोनेट म्हणजे काय. मला वस्तू अडवल्याचा राग नाही, तपासणी करावीच. राग आहे तो याचा, की चारही गोष्टी पहिल्याच दिवशी एकदम विचारता आल्या असत्या. मागवणार असाल तर विकणाऱ्याला आधीच सांगा की बिलावर ‘वाद्यदुरुस्तीसाठी काचेची मोजपट्टी’ असं स्पष्ट लिही, किंमत लिही. आणि केवायसी मागायची वाट न बघता वस्तू देशात आली की अपलोड करून टाका.

विसाव्या दिवशी माझा धीर सुटला. श्रावण तोंडावर होता. मी संगणकावर रेघा आखल्या, पारदर्शक फिल्मवर प्रिंट काढली आणि पाच मिलिमीटर जाडीच्या काचेच्या पट्टीवर चिकटवली. फिल्मची जाडी आणि गोंद मोजमापात येऊ नये म्हणून फिल्म वरच्या बाजूला ठेवली. पात सरकवली. डावीकडे ३४, उजवीकडे ३२. उजवी कड एक मिलिमीटर आखूड! मला वाटलं, एवढ्या वर्षांचा दोष सापडला.

उजव्या कडेवर बोटाचा दाब ठेवून ६०० च्या पेपरवर घासायला लागलो. दहा फेऱ्या, मोज. दहा फेऱ्या, मोज. ३३ झालं. मग ३४. दोन्ही कडा सारख्या, फट १.०० वर आली. रीड बांधली, फुंकलं, आणि असं किंचाळलं की आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. मधल्या सुरांत तर दर तिसरा सूर उडत होता. रीड बदलली, तेच. रीड आवळायचं लिगेचर बदललं, तेच. तळव्याने खालचं भोक बंद करून हवा ओढली, की रीड क्षणभर चिकटून ‘टप्’ करून सुटायला हवी. माझी चिकटतच नव्हती. टोकाची कड जाड राहिली असेल असं वाटून आतून अर्धगोल कानशीने ती पातळ केली. (ते काम एरवीही करावं लागतं, कारण फेसिंग घासलं की टोकाची कड रुंद होते, पण एक मिलिमीटरच्या आसपास थांबा, कानस एकदा सटकली की गेलं.) फरक शून्य. चार रात्री हे चाललं. मोजलं की सारखं, वाजवलं की किंचाळी. काकांचं माउथपीस आपण मारलं, असं वाटून मी दोन दिवस त्याला हात लावला नाही.

मग मिरजेला गेलो. तंबोऱ्याची जवारी काढणारे एक ओळखीचे चाचा आहेत. त्यांनी क्लॅरोनेट कधी हातात धरलं नसेल, पण जवारी म्हणजे तरी काय? घोडीचा माथा इतक्या सूक्ष्म उताराने घासायचा की तार त्यावर टेकता-टेकता सुटत जावी. तार जिथे सुटते तिथेच आवाज जन्मतो. रीड आणि फेसिंगचं नातं तसंच आहे. चाचांनी माउथपीसवर साधी कोरी काच ठेवली, खिडकीकडे तोंड करून डोळ्यांसमोर आडवी धरली आणि उजेडाची फट बघितली. म्हणाले, “उजवीकडे उजेड लवकर सुरू होतोय. तू म्हणतोस सारखं?”

मी माझी पट्टी दाखवली. त्यांनी ती माझ्या हातून घेतली, पालथी घातली आणि म्हणाले, “आता मोज.” पालथी घातल्यावर डावीकडे ३२ आणि उजवीकडे ३६!

फिल्म चिकटवताना तिरकी बसली होती. फार नाही, पाचेक अंश. पण दोन कडांमधलं अंतर बारा-एक मिलिमीटर असतं, आणि तेवढ्या रुंदीवर पाच अंशांचा तिरकेपणा म्हणजे बरोबर एक मिलिमीटर. माउथपीस मुळात सरळ होतं. दोन्ही कडा ३३ वर होत्या. मीच उजवी ३५ वर नेऊन ठेवली होती आणि माझी पट्टी मला ३४-३४ सांगत होती. कुठल्याही मोजपट्टीवर विश्वास ठेवण्याआधी ती पालथी घालून परत मोजा. दोष बाजू बदलत असेल तर तो पट्टीत आहे, माउथपीसमध्ये नाही. पालथी घालून मोजायला एक मिनिट लागतं. मी चार रात्री घालवल्या.

सदतिसाव्या दिवशी खरी काच आली. डावी ३३, उजवी ३५. चाचांचा डोळा आणि ती काच, दोघांचं एकच म्हणणं.

उजवी कड परत वर आणता येत नाही, गेलेलं गेलं. टेबल घासून सगळं मागे नेता आलं असतं, पण फट पुन्हा बंद झाली असती. म्हणून डावी ३५ वर न्यायची ठरवलं. या वेळी १००० चा पेपर, पाच-पाच फेऱ्या, प्रत्येक फेरी वहीत लिहून, कारण घाईत माणूस मोजणं विसरतो. पंखा बंद. चाचांनी सांगितलं होतं की घासण्यापेक्षा बघण्यात जास्त वेळ जायला हवा, तसंच केलं. नंतर दोन्ही कडांवर १५०० ने चार हलक्या फेऱ्या, टेबलाकडून टोकाकडे गुंडाळत नेल्यासारख्या, म्हणजे वळणात कुठे टेंगूळ राहत नाही. मधल्या पात्यांनीही मोजा. नुसती पातळ पात सारखी आली म्हणून वळण सारखं असतं असं नाही. टोकाची फट १.०० आणि ०.०५ च्या पात्या एकावर एक ठेवून मोजली, दोन्ही मिळून बरोबर बसल्या.

तपासताना एकच ओळखीची, वापरात मुरलेली रीड ठेवा. नवी रीड रोज बदलते, मग दोष कुणाचा तेच कळत नाही. आणि पहिल्यांदाच करत असाल तर आधी एखाद्या स्वस्त प्लॅस्टिकच्या माउथपीसवर हात बसवा. मी ते केलं नाही.

रीड बांधली, खालून तळवा लावला, हवा ओढली. रीड चिकटली आणि मी मनात तीन आकडे मोजले तेव्हा कुठे ‘टप्’ वाजलं. मग खालच्या सुरापासून वर चढत गेलो. एकही फुटला नाही. आई या वेळी स्वयंपाकघरातूनच म्हणाली, “काकांचा आवाज आला.”

गणपतीच्या आगमनाला पाच तास त्यावर वाजवलं. आता बँडमधल्या दादाने त्याचं अल्टो सॅक्सोफोनचं माउथपीस आणून दिलंय, त्याचं टेबलही डुगडुगतंय. काच घरात आहे, पेपर आहे. पण आधी त्याच्यासाठी बाजारातलं एक प्लॅस्टिकचं आणायला सांगितलंय, त्यावर आम्ही दोघं मिळून हात बसवणार आहोत.