तुम्ही विचारलंत म्हणून: एका ट्रकला इतकी वर्षं का लागतात?

भेटेल तो विचारतो, ‘कारचं नवं मॉडेल तीन-चार वर्षांत येतं, मग तुमच्या ट्रकचं घोडं अडतं कुठे?’ आजवर ‘टेस्टिंगला वेळ लागतो’ एवढ्यावर मी विषय मिटवला. आज नीट सांगतो.

आम्ही वेळ काढत नसतो. स्कॅनिया या स्वीडिश कंपनीने २०१६ मध्ये ट्रकची नवी पिढी आणली, तिच्यामागेही दहा वर्षांचं काम होतं. युरो ६ या युरोपच्या प्रदूषण-नियमांत धूर साफ करणारी यंत्रणा कारमध्ये १ लाख ६० हजार किलोमीटर टिकावी लागते, सर्वांत जड ट्रकमध्ये ७ लाख. शिवाय लांब पल्ल्याच्या ट्रकमध्ये माणूस नुसता बसत नाही, रात्री तिथेच झोपतो.

पण खरं उत्तर एका ब्रॅकेटचं आहे.

केबिन चेसिसवर जिथे मागच्या बाजूला टेकते, तिथला तिला धरणारा धातूचा आधार, तो ब्रॅकेट. आमच्या चाचण्या पूर्ण भरलेल्या ट्रेलरने चालायच्या. टेस्ट ड्रायव्हर माझ्याहून बरेच मोठे, मी त्यांना काका म्हणायचो. एकदा रिकामी गाडी परत आणून लावली आणि म्हणाले, “साहेब, रिकामी असली की मागून टक् असा आवाज येतो. भरलेली असली की नाही येत.”

मी म्हणालो, “काका, भरलेली टिकली म्हणजे रिकामी टिकणारच.” वर त्यांना स्ट्रेन गेजचे, म्हणजे धातूवरचा ताण मोजणाऱ्या पट्टीचे, आलेख दाखवले. त्यांनी ते शांतपणे पाहिले, “तुम्ही म्हणता तर असेल,” म्हणाले आणि हात पुसत निघून गेले. नोंदवहीत मी लिहिलं: आवाज, किरकोळ.

चार महिन्यांनी एका ग्राहकाकडे चाचणीला दिलेली गाडी परत आली. गाडीखाली उताणा पडून मी टॉर्च मारला. वेल्ड संपते तिथे रंगावर केसाएवढी रेघ होती. नख फिरवलं, ते अडलं. रेघेच्या कडेला तांबूस गंज होता, म्हणजे चीर जुनी होती. कुणाला इजा झाली नाही, हे आधी सांगतो.

मागच्या स्प्रिंगचे पाटे पूर्ण मालाच्या हिशेबाने कडक ठेवलेले. रिकामी गाडी खड्ड्यावरून दबत नाही, उडते, आणि तो दणका थेट केबिनला बसतो. आमचा गेज होता, पण गणिताने दाखवलेल्या जागी, आणि ते गणित भरलेल्या गाडीचं. वेल्डवरचा ताण दुप्पट झाला की तिचं आयुष्य साधारण आठव्या हिश्श्यावर येतं.

ब्रॅकेट बदलला. पण केबिन बसवायची जागाच बदलली म्हटल्यावर धडकेची चाचणीही नव्याने करावी लागली. अकरा महिने गेले.

आता माझी बाजू. त्याच महिन्यात त्याच गाडीचे चाळीसेक आवाज नोंदले गेले होते आणि बाकीचे खरोखरच किरकोळ निघाले. प्रत्येकामागे लागलो असतो तर गाडी बाहेरच पडली नसती. हे मी वरिष्ठांना सांगितलं, घरी सांगितलं, स्वतःला तर कितीदा सांगितलं. पण काकांनी नुसता आवाज सांगितला नव्हता. आवाज कधी येतो आणि कधी नाही, हेही सांगितलं होतं. अर्धं निदान त्यांनी हातात ठेवलं होतं आणि मी आलेख पुढे केला. तेव्हाचा मी म्हणतो, गेजवर विश्वास नाही ठेवायचा तर कशावर? त्याला द्यायला माझ्याकडे आजही पुरतं उत्तर नाही.

काकांशी त्यावर बोलणं झालं नाही. नवा ब्रॅकेट बसला तेव्हा त्यांनी रिकाम्या गाडीने ट्रॅकवर दोन फेऱ्या मारल्या, उतरले आणि फक्त मान हलवली.

पुढच्या मॉडेलसाठी रिकाम्या फेऱ्या किती धरायच्या, यावर गेल्या आठवड्यात दोन तास वाद झाला. मी एक तृतीयांश मागतोय. वेळापत्रक सांभाळणारे म्हणतात, त्याने चार महिने वाढतील. वाढतील, ते खरंच आहे.