‘मृत’

रात्रीचे दोन वाजलेत आणि मी अजून त्या एका शब्दावरच अडकलेय. सरांनी गॅलेक्सींच्या यादीच्या प्रिंटवर या एका गॅलेक्सीपुढे लाल पेनने नुसतं ‘मृत’ लिहिलंय. चुकीचं नाहीये ते. तारे जन्मत असले की गॅलेक्सीच्या वर्णपटात, रेडशिफ्ट (दूर जाण्याने लांबलेली तरंगलांबी) काढून टाकल्यावर, ६५६३ अँगस्ट्रॉम तरंगलांबीला हायड्रोजनची रेघ वर उसळलेली दिसायला हवी, तिथे काहीच नाही. पण निळ्या बाजूच्या हायड्रोजनच्या रेघा बघा ना, केवढे खोल खड्डे आहेत, म्हणजे ए प्रकारचे, तापलेले निळसर-पांढरे तारे अजून शिल्लक आहेत आणि ते तारे फार तर अब्जभर वर्षं टिकतात, म्हणजे अगदी आत्ताआत्तापर्यंत हिच्यात तारे जन्मत होते आणि मग एकदम थांबले.

मला छळतंय ते वेगळंच. तारे बनायला गार गॅस लागतो, उणे २६० अंशांच्या आसपासचा. ही ज्या क्लस्टरमध्ये, म्हणजे गॅलेक्सींच्या घोळक्यात आहे, तिथे गॅसला तोटा नाही, मोठ्या क्लस्टरमध्ये तर सगळ्या गॅलेक्सींमधल्या ताऱ्यांच्या मिळून वस्तुमानापेक्षा जास्त गॅस मधल्या जागेतच भरलेला असतो, पण तो कोट्यवधी अंश तापलेला, त्याचा हिला काय उपयोग. उलट त्यातून सेकंदाला हजारेक किलोमीटरने धावताना समोरून असा दाब बसतो की हिचा स्वतःचा गार गॅसच ओरबाडून निघतो. तारे जागच्या जागी, गॅस गेला. गन आणि गॉट या खगोलशास्त्रज्ञांनी १९७२ मध्येच हे गणित मांडलंय. चारी बाजूंनी गॅस आणि ही उपाशी. वहीत हेच तीनदा लिहिलंय मी. परवा आईशी फोनवर बोलताना पण मी हेच काहीतरी... जाऊ दे.

झोप येईना म्हणून ईएसओ १३७-००१ या दुसऱ्या गॅलेक्सीचा हबल दुर्बिणीने काढलेला फोटो उघडला. २२ कोटी प्रकाशवर्षांवरच्या नॉर्मा क्लस्टरमधली. तिचाही गॅस असाच मागे ओढला जातोय, पण झूम केलं की त्या शेपटीत निळे धागे दिसतात, ते कोवळे तारे आहेत, गॅलेक्सीच्या बाहेर, उघड्यावर जन्मलेले! एकाच निळ्या ठिपक्याकडे किती वेळ बघत बसले कुणास ठाऊक. तिचं गेलं ते गेलंच, पण वाया नाही गेलं सगळं. हसूच आलं एकदम, बरं वाटलं.

सरांचा शब्द खोडला नाही. शेजारी पेन्सिलने ‘नुकतीच थांबलेली’ लिहिलं. उद्या हिच्या मागचा आकाशाचा तुकडा काढून बघणारे, एवढ्या काळात शेपूट विरूनच गेली असणार, तरी बघणार.