तुम्ही विचारलंत म्हणून: कीड नव्हती, मग दात काढले कशाला?

लग्नात, हळदीकुंकवात कुणीतरी माझ्या कवळीकडे बघून विचारतंच, "एकही दात किडला नव्हता, दुखतही नव्हता, मग काढले कशाला?" पुढचं बोलत नाहीत, पण मला ऐकू येतं. डॉक्टरनं लुबाडलं, नाहीतर ही बाई दात घासत नसणार.

घासायचे. सकाळी मिशरी, म्हणजे भाजून कुटलेली तंबाखू, रात्री ब्रश. मिशरीशिवाय पोट साफ होत नाही, असंच तेव्हा वाटायचं.

कीड दाताला लागते. माझं हिरड्यांच्या आजारानं झिजलं ते दाताला धरून ठेवणारं हाड. हिरडीतून रक्त आलं असतं तर गेलेच असते की दवाखान्यात. पण तंबाखूनं बारीक रक्तवाहिन्या आखडतात, आत सूज असूनही ब्रशला लाल लागत नाही. बाकीच्या खुणा होत्या. पुढचे दात लांब दिसायला लागले, मधे फटी पडल्या, पेरू चावता येईना. गाडीत सून माझ्या बाजूची काच खाली करायची. मला वाटायचं, तिला गाडी लागते.

डॉक्टरीणबाईंनी खुणांची बारीक सळई दात आणि हिरडीच्या मधे सरकवली आणि शेजारच्या मुलीला आकडे सांगायला लागल्या. एका दाताभोवती सहा जागा. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक, असं आधीच सांगितलं होतं. तीन, तीन, चार. डाव्या दाढेशी आवाज तोच, आकडे मात्र सात, आठ, सात. सळई एवढी आत जातेय आणि मला धड दुखतही नाही, याचीच भीती वाटली. मग आरसा दिला. खालच्या पुढच्या दातांमागे पिवळा-काळा थर. जिभेला कायम लागणारा तो खडबडीतपणा मी दाताचाच समजत होते. ते कीटण, ब्रशनं निघत नाही, खरवडावं लागतं. शेवटी दोन हत्यारांच्या दांड्यांत एक दात धरून हलवला. भिंतीतल्या सैल खुंटीसारखा हलला. वरून दाबल्यावर आतही गेला.

जाऊबाई म्हणतात, दात साफ केले की ढिले होतात. अहो, कीटणानं झाकलेल्या फटी ते निघाल्यावर दिसतात, एवढंच. माझे जे वाचले ते त्या खरवडण्यामुळेच.

नुसती सूज होती तेव्हा गेली असतीस तर हिरड्या पूर्ववत झाल्या असत्या, हाड गेल्यावर ते आपोआप भरत नाही, असं मी तेव्हाच्या मला सुनावते. ती गप्प बसत नाही. आईचे असेच पडले, आजीचे असेच, मला कुणी सांगितलं होतं? खरंय तिचं. मला साखर निघाली तेव्हा पाय तपासले, डोळ्यांच्या डॉक्टरकडे धाडलं. तोंड उघडा, असं कुणी म्हटलं नाही. साखरेनं हिरड्या बिघडतात आणि बिघडलेल्या हिरड्यांमुळे साखर आटोक्यात ठेवणं अवघड जातं, हे मला दात गेल्यावर समजलं.

मिशरी सोडली का, हेही विचारता. सोडली. सोडल्यावर हिरड्यांतून रक्त यायला लागलं, घाबरून फोन केला, तर बाई म्हणाल्या, आजवर झाकलेलं आता दिसतंय, तपासायला या. गेले. पण माहेरी वहिनी तव्यावर भाजायला बसली की मीही चिमूटभर लावते. त्यावर आता बोला काय बोलायचं ते.