टेडी वेदरफोर्ड, ७८च्या तबकड्या: कलकत्त्याचा गठ्ठा सुरू

अमेरिकन जॅझ पियानोवादक टेडी वेदरफोर्डच्या, मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या संगणकावर उतरवण्याचं काम चालू आहे. शिकागो १९२६ (अर्स्किन टेटचा वाद्यवृंद, त्यात लुई आर्मस्ट्राँग) आणि पॅरिस १९३७ची पियानो सोलो, दोन्ही संगणकावर उतरली. आता युद्धकाळात कलकत्त्याला मुद्रित झालेल्या कोलंबिया कंपनीच्या तबकड्या. ही वेदरफोर्डची शेवटची वर्षं. एप्रिल १९४५मध्ये त्याच शहरात तो कॉलऱ्याने गेला, वय अवघं ४१.

धुलाई: डिस्टिल्ड पाण्यात सौम्य साबणाचे दोन-चार थेंब, मऊ ब्रश खाचेच्या दिशेने, लेबल कोरडं. स्पिरिट लावू नका, तबकडीतली लाख विरघळते. सुई ०.००३ इंची, भार ४ ग्रॅम. एलपीची बारीक सुई खाचेच्या तळाला टेकते आणि तिथली सगळी घाण ऐकवते.

वेग: ५० हर्ट्झच्या निऑन दिव्याखाली ७७ रेघांची स्ट्रोब चकती स्थिर दिसली की मिनिटाला ७७.९२ फेरे. तो फक्त आरंभबिंदू, पुढे पियानोचा सूर ४४० हर्ट्झच्या ‘ए’ या प्रमाण स्वराशी ताडायचा. एका फेऱ्याच्या फरकाने सूर साधारण २२ सेंट (अर्ध्या सुराचा शंभरावा भाग म्हणजे एक सेंट) हलतो. लांबलेले स्वर हेलकावत असतील तर भोक मध्यावर नाही. खुंटी काढता येणाऱ्या टर्नटेबलवर तबकडी सरकवून मध्य साधा.

सगळ्यात जास्त वेळ इक्वलायझेशनला (मुद्रणात बदललेला खर्ज-तीव्र आवाजांचा तोल परत जुळवायला) द्यावा लागतो, आणि द्यायलाच हवा. नेहमीच्या फोनो प्रीअँपमधला (तबकडीचा क्षीण आवाज वाढवणाऱ्या उपकरणातला) आरआयएए, म्हणजे एलपीसाठी ठरवलेला तोल, इथे चालत नाही. तो १० किलोहर्ट्झला जवळपास १४ डेसिबल कापतो, त्यामुळे बोटांचा आघात बुजतो; खर्जही जादा उचलतो, म्हणून डावा हात फुगून गढूळ होतो. पियानोवादक अर्ल हाइन्सवर ज्याची छाप पडली असं मानतात, त्या वादकाचा डावा हातच गेला तर उरलं काय? सपाट (तोल न जुळवलेलं) मुद्रण घ्या, दोन्ही चॅनल मोनोत मिसळा (उभ्या हालचालीचा गोंगाट तिथेच कटतो), टिकटिक काढा, मग २५० हर्ट्झचा टर्नओव्हर (त्याखालचा खर्ज उचलायचा), वरची बाजू सपाट. इक्वलायझेशन आधी केलं तर टिकटिक पसरते आणि सॉफ्टवेअरला सापडत नाही.

काढून टाकलेला आवाज वेगळा साठवून ऐका. त्यात ट्रंपेट ऐकू आला तर सॉफ्टवेअरची संवेदनशीलता कमी करा. थोडी खरखर राहिली तरी चालेल.

यानंतर मुंबई १९३६: रेक्स कंपनीच्या तबकड्यांवरचा ट्रंपेटवादक क्रिकेट स्मिथचा ताजमधला बँड, पियानोवर वेदरफोर्डच.