विल्सन आर्चपाशी तुटलेला पाटा

ग्रँड जंक्शनला मी आरव्हींचा, म्हणजे चाकांवरच्या घरांचा, फिरता मेकॅनिक आहे, गॅरेज वगैरे नाही, सगळं सामान व्हॅनमध्ये आणि कोलोरॅडोच्या या टोकापासून युटाच्या मोआब-ब्लँडिंगपर्यंत जिथून फोन येईल तिथे जायचं. ऑक्टोबरमधला शनिवार होता, अकराच्या सुमारास फोन आला. माणूस इंग्रजीत सांगत होता की ट्रॅव्हल ट्रेलर एका बाजूला बसलाय, रबर जळल्याचा वास येतोय, मोआबच्या दक्षिणेला १९१ नंबरच्या हायवेवर विल्सन आर्चपाशी गाडी बाजूला घेतलीय. तेवढ्यात मागून बाईंचा आवाज आला, "अहो, त्यांना सांगा ना, दोन्ही चाकं एकमेकांना चिकटलीत म्हणून." मी मराठीतच विचारलं, वहिनी, डाव्या बाजूची की उजव्या? पलीकडे दोन सेकंद कोणी बोललंच नाही, मग त्या म्हणाल्या, "डाव्या. अहो तुम्ही मराठी?"

त्यावर बोलायला तेव्हा वेळ नव्हता. ट्रेलर एक इंच पण हलवू नका, चाकांना मोठे दगड लावा, आत कोणी बसू नका, आणि चाकांमधली फट दिसेल असे दोन फोटो पाठवा, एक डावीकडचा एक उजवीकडचा. फोटो आले आणि मला जवळपास सगळं कळलं. उजवीकडे दोन टायरांमध्ये चार बोटं जातील एवढी जागा, डावीकडे टायरला टायर टेकलेला. म्हणजे पुढचा ॲक्सल डाव्या बाजूने मागे सरकलाय, आणि ॲक्सल मागे सरकतो तो कमान, म्हणजे ॲक्सलला धरणारी पाट्यांची स्प्रिंग, तुटल्याशिवाय नाही.

कमान-पाटे मला लहानपणापासून माहितीयेत, कराडला हायवेलगत आमच्या वडिलांचं तेच दुकान होतं, उसाच्या सीझनला ट्रॉल्यांची रांग लागायची. ते आधी हातोडीने एकेक पाटा वाजवून बघायचे, तुटलेला पाटा बद्द वाजतो. ती सवय मला अजून आहे.

मी पोचलो तेव्हा दोन वाजले होते. नवरा-बायको, सातवीतली मुलगी आणि नाशिकहून आलेल्या आजी, फोल्डिंगच्या खुर्चीत शाल घेऊन बसलेल्या. मागे विल्सन आर्च, लाल दगडाची ती भलीमोठी नैसर्गिक कमान, आणि समोर हा ट्रेलर डाव्या कुशीवर कललेला. दक्षिण युटातल्या व्हॅली ऑफ द गॉड्सच्या १७ मैलांच्या कच्च्या रस्त्यावर दोन रात्री राहिले होते, तिथे पाणी मिळत नाही म्हणून ५० गॅलनची टाकी काठोकाठ भरून घेतलेली आणि उरलेलं पाणी तसंच घेऊन निघालेले. तो रस्ता नुसता पत्र्याच्या पन्हाळीसारखा आहे, ट्रेलरचा एकेक बोल्ट हलवून सोडतो.

खाली शिरायच्या आधी जॅकखाली प्लायवुडचे तुकडे टाकले कारण जमीन भुसभुशीत, जॅक ॲक्सलला न लावता फ्रेमला लावला, आणि स्टँड लावल्याशिवाय डोकं आत घातलं नाही. चाकं काढली. पुढच्या डाव्या कमानीचा मेन पाटा पुढच्या डोळ्यापाशीच, म्हणजे बोल्ट जातो त्या वळवलेल्या टोकापाशी, तुटलेला, खालचे तीन पाटे नुसते लोंबत होते. टायरची आतली बाजू मागच्या टायरला घासून दोरे दिसायला लागलेले, त्यावर तारखेचा नंबर २३१८, म्हणजे २०१८ सालचा तेविसावा आठवडा, तो तसाही बाद करायचाच होता. ब्रेकची वायर ताणून तुटलेली, म्हणजे त्या चाकाला ब्रेकच नव्हता आणि मागे ब्लँडिंगपासूनचे सगळे चढउतार त्यांनी तीन ब्रेकवर काढले होते. हे मी त्यांना लगेच सांगितलं नाही, आजी समोर होत्या.

पण पाटा तुटला हे शेवटचं काम झालं, सुरुवात दुसरीकडेच होती. दोन कमानींच्या मध्ये इक्वलायझर असतो, एका चाकाला खड्डा लागला की तो झुलतो आणि वजन दुसऱ्या चाकाकडे देतो. तो शॅकलच्या पट्ट्यांनी कमानींना जोडलेला असतो, आणि प्रत्येक बोल्टाभोवती एक प्लॅस्टिकचा बुश, नायलॉनचा. मी बोल्ट काढला तर बुश नव्हताच, पांढरी भुकटी तेवढी राहिलेली. बोल्ट थेट लोखंडावर घासत होता, घासून घासून मधे अर्धा झालेला. शॅकलची एक पट्टी मी हातात घेऊन पुसली, तिचं गोल भोक लांबट होऊन अंड्यासारखं झालेलं आणि भोकाच्या टोकाला उरलेली धातूची कड इतकी पातळ की नखाने वाकेल असं वाटलं. दुसरी पट्टी तुटून कुठेतरी हायवेवर पडलेली. एक पट्टी गेली, इक्वलायझर तिरका झाला, सगळं वजन एकाच कमानीवर आलं, मेन पाटा किती वेळ धरणार.

आजी उठून जवळ आल्या, वाकून बघितलं आणि म्हणाल्या, "आमच्याकडं बैलगाडीच्या आसाला वंगण घातल्याशिवाय बाजाराला जायचे नाहीत. याला घालत नाहीत का रे?"

मी म्हटलं, आजी, याला वंगण घालायला जागाच ठेवलेली नाही. आणि ते खरंच आहे, बोल्टाला ग्रीस भरायचं तोंड, निपल, तेच नाही. मला याचा मनापासून राग येतो. आत ग्रॅनाइटसारखा दिसणारा ओटा, मोठा टीव्ही, आणि खाली ज्याच्यावर सगळं कुटुंब हायवेला ६५ मैलांच्या स्पीडने चाललंय तिथे प्लॅस्टिकचे बुश आणि पाव इंची पट्ट्या. पितळी बुश आणि निपलवाले बोल्ट काही महागाची गोष्ट नाही, ट्रेलरच्या किमतीत तर ते दिसणार पण नाहीत. कच्च्या रस्त्यावर फिरलं तर ते नायलॉन काही हजार मैलांत संपतं आणि मालकाला पत्ताच नसतो, कारण खाली वाकून कोणी बघतच नाही आणि बघा म्हणून विकताना कोणी सांगतही नाही.

दादा, म्हणजे वहिनींचे यजमान, म्हणाले फक्त तुटलेली कमान बदला, बाकीचं घरी डॅलसला गेल्यावर बघू. मी नाही म्हटलं. बाकीच्या तिन्ही कमानींवर हातोडी मारली, वाजल्या नीट, पण बुश सगळीकडचे तसेच संपलेले, आणि डॅलस तिथून हजार मैलांच्या आसपास. माझ्याकडे चार कमानी होत्या, एकेक १,७५० पौंड पेलणारी, चार पाट्यांच्या, सगळ्या टाकू म्हटलं, बुश पितळी, पट्ट्या दुप्पट जाड. मग ते म्हणाले तर मग जास्त ताकदीच्या कमानी टाका. त्याचा पण उपयोग नाही, ॲक्सल ३,५०० पौंडच पेलणारा आहे, कमान कितीही भारी टाकली तरी ॲक्सल, हब, टायर तेवढेच राहतात, उलट ट्रेलर कडक होतो आणि सगळे दणके फ्रेमला बसतात. ते ऐकून घेणारे होते, बरं वाटलं.

संध्याकाळपर्यंत तेच चाललं. या शॅकलच्या बोल्टांना डोक्याखाली दाते असतात, ते पट्टीत हातोडीने ठोकून बसवायचे आणि फक्त नट फिरवायचा, डोकं फिरवलं की दाते पट्टीचं भोक खातात आणि बोल्ट पुढे सारखा फिरत राहतो. कमानीच्या डोळ्यात बोल्ट बसवताना ग्रीसचं भोक वरखाली ठेवायचं नाही, घड्याळातल्या तीन किंवा नऊच्या जागी ठेवायचं, नाहीतर वजनाने भोक दाबून बंद होतं आणि ग्रीस आत जातच नाही. कमान ॲक्सलला आवळणारे यू-बोल्ट सगळे नवे, जुने एकदा ताणलेले असतात, ते मी परत वापरत नाही. मुलगी हेडलॅम्प लावून टॉर्क पाना द्यायला शेजारी बसली होती, पाना कट् वाजला की मोठ्याने सांगायची "झाला". ग्रीस गन लावली आणि बुशच्या कडेतून ताजं ग्रीस बाहेर आलं ते आजींना बोलावून दाखवलं.

एक गोष्ट मात्र राहिली. तारेचा ब्रश मारताना मागच्या हँगरच्या, म्हणजे कमान ज्याला टांगतात त्या फ्रेमवरच्या ब्रॅकेटच्या, वेल्डिंगला केसासारखी एक रेघ दिसली. नख फिरवलं तर अडकत होतं, म्हणजे गंज नाही, चीर. रस्त्याच्या कडेला अंधारात, ट्रेलरखाली गॅसची लाइन असताना मी वेल्डिंग करत नाही. स्पष्ट सांगितलं, इथून मोआबपर्यंत २४ मैल, ४५ च्या वर जायचं नाही, टाकी आत्ता इथेच रिकामी करायची आणि उद्या वेल्डर बघितल्याशिवाय मोआब सोडायचं नाही. चांगल्या पाण्याच्या टाकीचं तोंड उघडलं, एक गॅलन म्हणजे ८.३४ पौंड, टाकी भरलेली असताना नुसतं पाणीच चारशे पौंडांच्या वर होतं. उरलेलं वाळूत जिरेपर्यंत वहिनींनी चहा केला, आलं घालून, आणि थालीपीठं होती.

मी त्यांच्या मागे मागे व्हॅन चालवली. दहा मैलांवर थांबून चाकांचे नट परत टॉर्क केले, डाव्या बाजूचे दोन थोडेसे फिरले, नवीन बसवल्यावर दहा, पंचवीस आणि पन्नास मैलांना बघायचेच असतात. मोआबच्या आरव्ही पार्कात साडेनऊला पोचलो.

रविवारी माझ्या ओळखीच्या वेल्डरने चीर घासून भरली आणि दोन्ही हँगरांच्या मध्ये आडवी पट्टी मारली, बाजूचा हेलकावा कमी व्हायला. जाताना दादांनी ट्रक स्टॉपच्या काट्यावर ट्रेलर चढवला आणि पावतीचा फोटो पाठवला. टाकी रिकामी, जनरेटर ट्रकमध्ये हलवलेला, तरी दोन्ही ॲक्सलवर मिळून ६,७६० पौंड. मर्यादा ७,००० ची. खाली वहिनींनी लिहिलं होतं, "आईंनी ग्रीस गन घ्यायला लावली."