तुम्ही विचारलंत म्हणून: लेकीच्या लग्नात हे सांगणार का?

भावाच्या आजारपणापासून नात्यातल्या बायका मला हमखास विचारतात, "तुमच्या घराण्यात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा दोष आहे म्हणे. लेकीचं लग्न जमवताना सांगणार का?"

सांगणार. बोलणी सुरू होतानाच सांगणार.

भाऊ निफाडचा, द्राक्षबागायतदार. ऐन ऑक्टोबर छाटणीत त्याचं पोट दुखायला लागलं. दाबून पाहिलं तर पोट मऊ, आणि तो मात्र कळवळतोय! या आजाराची हीच खूण, पण तेव्हा आम्हाला काय माहीत. ॲसिडिटीच्या गोळ्या झाल्या, सोनोग्राफीत गॅसमुळे नीट दिसलं नाही. नाशिकला आणून कॉन्ट्रास्ट देऊन सीटी स्कॅन केला तेव्हा कळलं, आतड्याचं रक्त यकृताकडे नेणाऱ्या शिरेत गुठळी होती. रक्त तुंबून आतड्याचा एक तुकडा काळा पडला होता, तो काढावा लागला. बाकीचं हेपरिन या रक्त पातळ करणाऱ्या औषधामुळे वाचलं.

कारण निघालं प्रोटीन एसची कमतरता. गुठळी वाढू न देणारं हे प्रोटीन. आजारात ते तसंही खाली जातं, म्हणून डॉक्टरांनी नंतर पुन्हा तपासून खात्री केली. आई किंवा वडिलांकडून हा दोष येतो, प्रत्येक मुलात उतरण्याची शक्यता निम्मी. माझ्यात आहे, लेकीतही आहे. दोष असलेल्या कितीतरी जणांना जन्मभर काहीच होत नाही. गुठळीला बऱ्याचदा निमित्त लागतं: ऑपरेशन, बाळंतपण, इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या.

आणि पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या. घरात सत्यनारायण असतो, वणीच्या गडावर जायचं असतं, कुणीतरी सहज गोळी हातावर ठेवतं. त्यातल्या नॉरएथिस्टेरॉन या औषधाचा थोडा भाग शरीरात इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. नव्या सुनेला "मला ही चालत नाही" म्हणणं किती जड जातं, हे आपण सगळ्याच जाणतो. सासूबाईंना आधीच ठाऊक असेल तर तिच्यावर ती वेळ येणार नाही. गरोदरपणात प्रोटीन एस आणखी घटतं. तेव्हाही डॉक्टरांना सुरुवातीलाच कळलं, तर गरजेप्रमाणे हेपरिनची इंजेक्शनं देता येतात, आणि ते वारेतून बाळापर्यंत जात नाही.

एक स्थळ हे ऐकून परत गेलं. लेकीला वाईट वाटलं, मलाही वाटलं. पण लपवून दिलेल्या घरात उद्या तिचं पोट दुखलं, तर अपचन समजून ओवा देतील, आणि दवाखान्यात "घरात कुणाला गुठळी झाली होती का?" असं विचारलं तर उत्तर द्यायला तिथे कुणी नसेल. ते मला नको आहे.